वेगळे काढलेले ताट आणि वहिनींची रोजची गोळी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा आहे. तुमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. थोरले भाऊ गेल्या वर्षी टीबीने वारले. त्यानंतर वहिनींना वरचेवर ताप येऊ लागला, ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा एचआयव्हीची लागण निघाली, आणि सहा वर्षांच्या पुतणीची तपासणी मात्र निगेटिव्ह आली. आता आईने वहिनींचे ताट, पेला आणि अंथरूण वेगळे केले आहे, पुतणीला त्यांच्याजवळ झोपू देत नाहीत, आणि कापूस घरी आला की वहिनींना माहेरी पाठवून द्यावे असे घरात ठरत आहे. एचआयव्ही आणि एड्स एकच का, वहिनी किती वर्षे जगतील, त्यांच्या हातचे खाल्ले तर चालते का, आणि जडीबुटीने हा आजार मुळासकट जातो म्हणतात ते खरे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी विदर्भातल्याच एका सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मोफत मिळतात तिथे, १६ वर्षे डॉक्टर म्हणून काम करते. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे देते, पण त्यांच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो: वहिनींना रोज एक गोळी, ठरल्या वेळी, कोणापासून न लपवता, वर्षानुवर्षे घेता येईल असे घर त्यांना मिळणार आहे की नाही? त्यांचे आयुष्य किती, हे या प्रश्नाच्या उत्तरावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, आणि ते उत्तर माझ्यापेक्षा तुमच्या घराच्या हातात जास्त आहे.

आधी शरीरात काय होते ते पाहू. एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्याने आणलेली शेवटची अवस्था आहे; लागण झालेल्या प्रत्येकाला एड्स झालेला असतो असे मुळीच नाही. आपल्या रक्तात सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांचे काम मी रुग्णांना जागलीच्या उदाहरणाने सांगते, कारण आपल्याकडे ते लगेच समजते. रात्री मचाणावर बसलेला जागल्या एकटा रानडुकरे किंवा रोही हाकलू शकत नाही. तो हाकारा घालतो आणि आजूबाजूच्या शेतांतली माणसे काठ्या, बॅटऱ्या घेऊन धावून येतात. सीडी-४ पेशी शरीरात हाच हाकारा घालतात. एचआयव्ही नेमका या जागल्यावर पडतो. तो पेशीत शिरतो, आपली प्रत पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो आणि त्याच पेशीकडून स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो. निरोगी माणसात रक्ताच्या एका घनमिलीमीटरमध्ये साधारण ५०० ते १५०० सीडी-४ पेशी असतात. उपचार नसतील तर हा आकडा हळूहळू उतरत जातो आणि तो २०० च्या खाली गेला, किंवा काही विशिष्ट गंभीर आजार जडले, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

ही घसरण बहुतेकांत आठ-दहा वर्षे चालते आणि त्यातली बरीच वर्षे माणूस शेतात राबतो, लग्नकार्यांना जातो, त्याला काहीच होत नाही. म्हणूनच चेहऱ्यावरून किंवा अंगकाठीवरून लागण ओळखता येत नाही, आणि म्हणूनच ती कधी झाली हे मागाहून सांगणेही अवघड असते. पुढे जागल्या उरला नाही की जे जंतू एरवी शरीर सहज परतवते तेच आत शिरतात. तोंडात पांढरा थर येऊन घास गिळवत नाही, महिना-महिना जुलाब थांबत नाहीत, वजन झपाट्याने उतरते, फुप्फुसाला किंवा मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग होतो. आपल्या देशात यातला सर्वांत मोठा घातकी आजार टीबी आहे. तुमच्या भावांची एचआयव्ही तपासणी झाली होती की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. टीबीच्या प्रत्येक रुग्णाला ही तपासणी देऊ केली जावी असा नियम आहे. ती झाली नसेल किंवा उशिरा झाली असेल तर त्याचे दुःख मला समजते, पण त्या दुःखाचा राग वहिनींवर निघू नये.

इथेच एक गोष्ट थांबून सांगते, कारण ती तुमच्या प्रश्नात नाही आणि तीच सर्वांत तातडीची आहे. तुमच्या घरात ताटे वेगळी झाली, पण भाऊ खोकत होते त्या काळात त्या खोलीत कोणकोण झोपत होते याचा विचार झाला आहे का? एचआयव्ही ताटातून पसरत नाही. टीबी मात्र श्वासातून, हवेतून पसरतो. वहिनींना ताप येतो आहे आणि त्यांनी टीबीच्या रुग्णाची सेवा केली आहे, तेव्हा त्यांचा बेडका आणि छातीचा एक्स-रे तपासल्याशिवाय राहू नका. तुम्ही, आई आणि विशेषतः पुतणी यांचीही टीबीसाठी तपासणी व्हायला हवी, आणि आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध द्यायचे का हे आरोग्य केंद्रातले डॉक्टर ठरवतील. हे सगळे सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

आता वहिनी किती वर्षे जगतील. याचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि कशावर ते मी स्पष्ट लिहिते. उपचार सुरू होताना सीडी-४ किती आहे. टीबी आहे का. कावीळ ब चा संसर्ग आहे का. मूत्रपिंडे कशी आहेत. हिमोग्लोबिन किती आहे. आपल्याकडे बायकांचे रक्त आधीच कमी असते आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे, त्यामुळे शेवटची बाब मी नेहमी नीट पाहते. हे आकडे हातात असले म्हणजे जास्त नेमके बोलता येते. तरी एवढे ठामपणे सांगते की जे लोक वेळेत औषध सुरू करतात आणि ते चुकवत नाहीत, त्यांचे आयुर्मान इतरांच्या जवळपास येते. मी रुजू झाले त्या वर्षी चाळिशीच्या आत असलेल्या कितीतरी बायका आज नातवंडांना घेऊन माझ्यासमोर बसतात.

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ साली चेन्नईत आढळली, आणि सरकारी केंद्रांतून मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. त्या मधल्या अठरा वर्षांत गावोगावी लोकांनी जे मरण पाहिले, त्याची भीती आजही घराघरांत बसलेली आहे, आणि तुमच्या आईंच्या मनात तेच चित्र असेल तर त्यांचा दोष नाही. सुरुवातीच्या औषधांतल्या एका गोळीने काही जणांचे गाल खप्पड होत आणि हातापायांवरची चरबी उतरे, त्यामुळे औषध लागू पडले तरी चेहरा पाहून गाव ओळखे. ती गोळी केव्हाच बंद झाली. पूर्वी सीडी-४ ठराविक पातळीखाली उतरेपर्यंत औषध सुरू करत नसत. २०१७ पासून लागण निघालेल्या प्रत्येकाला, आकडा कितीही असो, लगेच औषध द्यायचे असे धोरण आहे. आज बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे असलेली दिवसाला एकच गोळी मिळते.

ही गोळी विषाणूची प्रत काढण्याची क्रिया थांबवते. काही महिन्यांत रक्तातले विषाणूंचे प्रमाण, ज्याला आम्ही व्हायरल लोड म्हणतो, इतके खाली जाते की यंत्राला ते सापडत नाही. सीडी-४ पुन्हा वाढू लागतात. मग औषध बंद का करता येत नाही? कारण काही पेशींत विषाणूची प्रत निपचित पडून राहते आणि गोळी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. काळ्या जमिनीतला कुंदा वरून कापला तरी खाली मूळ राहते आणि पाऊस पडला की तो पुन्हा वर येतो, तसेच हे आहे. औषध सोडले की बहुधा दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परत दिसू लागतो. जडीबुटीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मुळासकट काढणारे औषध आज कोणाकडेही नाही, आणि तसे सांगणारे बहुतेक जण आधी सरकारी गोळ्या बंद करायला लावतात. पहिले दोन-तीन महिने रुग्णाला बरे वाटत राहते, त्याचे श्रेय जडीबुटीला जाते, आणि माणूस माझ्याकडे येतो तेव्हा सीडी-४ पन्नाशीवर आलेला असतो. पैसे गेले तर गेले, पण गोळी एक दिवसही थांबवू देऊ नका.

गोळी चुकण्याची कारणे मी इतकी वर्षे ऐकते आहे, आणि त्यांतले विसरभोळेपणा हे कारण फार थोड्यांचे असते. काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून गाव आणि वर्ष सांगत नाही. एक बाई दर महिन्याला वेळेवर येत, तरी त्यांचा व्हायरल लोड वाढलेला आला. मी बाटली मागितली. बाटलीवरचा कागद खरवडून काढलेला होता, आणि झाकण उघडले तर गोळ्यांच्या वर कापसाचा बोळा कोंबलेला होता, सरकीसकट, घरच्याच शेतातला. मी विचारले तेव्हा त्या खाली मान घालून म्हणाल्या, "बाटली वाजते नं मॅडम, मंग सासू इचारते हे काय होय म्हणून." बाटली पिठाच्या डब्यात पुरून ठेवलेली असे. वेचणीच्या दिवसांत नणंदा आल्या की स्वयंपाकघरातच झोपत, आणि मग डबा उघडायची सोय नसे. त्या महिन्यात गोळ्या अकरा दिवस चुकल्या होत्या. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी दोन चुकल्या तरी आम्ही जवळ बसवून कारण विचारतो, इतका हा हिशेब बारीक आहे, कारण अर्धवट औषधात वाढलेला विषाणू त्या औषधाला सरावतो आणि मग तीच गोळी पुढे लागू पडत नाही.

म्हणून मी म्हणते की घरातले वेगळे ताट हा केवळ अपमानाचा प्रश्न नाही, तो उपचाराचा प्रश्न आहे. ज्या बाईला ताट वेगळे मिळते ती बाई बाटली लपवते, लपवलेली बाटली रोज उघडता येत नाही, आणि चुकलेल्या गोळीचा हिशेब तिच्या रक्तात निघतो. जवळच्या केंद्रात ओळखीचे कोणी भेटेल म्हणून दोन जिल्हे ओलांडून एसटीने येणारे रुग्ण माझ्याकडे आहेत. त्यांचा दिवस जातो, मजुरी बुडते, आणि वेचणीच्या हंगामात ती खेप हमखास चुकते.

तर, वहिनींच्या हातचे खाल्ले तर चालते का? निर्धास्तपणे चालते. हा विषाणू पसरण्याच्या वाटा मोजक्या आहेत: असुरक्षित शरीरसंबंध, लागण असलेले रक्त, दूषित सुई, आणि गरोदरपणात, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून आईकडून बाळाला. लाळेतून, घामातून, अश्रूंतून, एकाच ताटात जेवल्याने, एका पेल्याने पाणी प्यायल्याने, एका संडासाने, कुशीत झोपल्याने तो पसरत नाही. भाजी चिरताना बोट कापले तर काय, असे आई विचारतील. शरीराबाहेर हा विषाणू तग धरत नाही, शिजवण्याच्या उष्णतेत तो नष्ट होतो आणि पोटातून खाल्लेल्या अन्नाने लागण होत नाही. डासाचेही तेच, डासाच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही, आणि डास चावताना आपली लाळ सोडतो, आधीच्या माणसाचे रक्त नव्हे. दवाखान्यात लागण असलेल्या रुग्णाची सुई आमच्या परिचारिकेला टोचली तर, काहीच उपाय केला नाही असे धरले तरी, लागण होण्याची शक्यता हजारात साधारण तीन इतकी असते. रक्ताची सुई थेट कातडीत जाऊन ही स्थिती आहे, तर पेल्याची भीती कशाला? वस्तरा किंवा ब्लेड मात्र कोणीच कोणाचे वापरू नये, आणि गावात एकाच सुईने पाच जणांना इंजेक्शन देणारा कोणी असेल तर त्याच्याकडे घरातल्या कोणीही जाऊ नये. खरा धोका तिथे आहे.

पुतणीचा अहवाल सहाव्या वर्षी निगेटिव्ह आहे, म्हणजे आईकडून तिला लागण झालेली नाही, आणि आईजवळ झोपल्याने, आईच्या हातून वेणी घातल्याने ती पुढेही होणार नाही. वहिनींच्या गरोदरपणातले तपासणीचे कागद घरात असतील तर शोधा. त्या वेळी एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह असेल तर लागण त्यानंतरची आहे एवढे कळेल. पण त्याच्या पुढे, कोणी आणले आणि कोणाला दिले, या चौकशीत घराने पडू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या अनुभवात ज्याची तपासणी आधी होते त्याच्यावर आळ येतो, आणि गरोदरपणामुळे किंवा नवऱ्याच्या आजारपणामुळे तपासणी आधी बाईची होते. रक्ताचा अहवाल कोणाच्या चारित्र्याचा दाखला देत नाही.

आणखी एक अवघड गोष्ट लिहिते. तुमच्या घराला ती लागू नसेल तर सोडून द्या. विधवा सुनेला माहेरी पाठवण्याच्या निर्णयामागे कधी कधी आजाराइतकीच जमीन असते. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृताची पत्नी, मुले आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, तेव्हा भावांच्या वाट्याच्या शेतीच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून वहिनींचे आणि पुतणीचे नाव लागायला हवे, वहिनी कुठेही राहोत. शिवाय २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार लागण असलेल्या व्यक्तीला राहत्या घरातून किंवा घराच्या कुठल्याही भागातून बाहेर काढता येत नाही, संमतीशिवाय तिची तपासणी करता येत नाही, आणि तिच्या संमतीशिवाय तिचा आजार इतरांना सांगता येत नाही. शाळेला, सरपंचाला, भाऊबंदांना काही कळवण्याचे तुमच्यावर बंधन नाही. अडचण आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत सल्ला मिळतो, आणि १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही बोलता येते.

वाळीत टाकणे आणि वाळीतून परत घेणे, दोन्ही आपल्या विदर्भाने पाहिले आहे. महारोग्याची सावली टाळणाऱ्या याच मुलखात गांधीजींनी सेवाग्रामच्या आश्रमात महारोग झालेल्या परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हाताने केली, आणि वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले. तुमच्या आईंच्या वयाच्या माणसांना हे ठाऊक असते. मी बोलताना अनेकदा तिथूनच सुरुवात करते, कारण विषाणूची माहिती ऐकायच्या आधी माणसाला आपले जुने भय ओळखू यावे लागते.

शेवटी तुम्ही विचारले आहे की मी नेमके काय करू. आज रात्री वहिनींनी वाढलेले जेवण आईंसमोर, त्यांच्याच पंगतीत बसून जेवा. त्यावर भाषण करू नका. आठ-पंधरा दिवस नुसते जेवत राहा. आईंना माझ्यासारख्या कोणाकडून ऐकायचे असेल तर वहिनींच्या परवानगीने त्यांना केंद्रावर घेऊन या. समुपदेशकाला घरी बोलावण्याची घाई करू नका, कारण दवाखान्याची गाडी दारात थांबली की गावात चर्चा सुरू होते.

गोळीची वेळ वहिनींना सोयीची असेल ती ठरवा, रात्रीचीच हवी असे नाही. सुरुवातीला झोप उडत असेल तर सकाळची बरी. मोबाइलवर गजर लावून द्या. आशाताईंनी दिलेली लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी हिच्यासोबत घेऊ नये. एचआयव्हीची गोळी आधी घेतली तर दोन तासांनी लोहाची घ्यावी, आणि लोहाची आधी घेतली असेल तर सहा तास थांबावे, नाहीतर औषध अंगी लागत नाही. टीबी निघाला तर आधी त्याची औषधे सुरू होतील, मग काही आठवड्यांत ही गोळी, आणि टीबीच्या औषधांमुळे डोल्युटेग्राव्हिरची जादा मात्रा लागेल, तेव्हा दोन्ही दवाखान्यांचे कागद एकमेकांना दाखवा. पहिल्या काही आठवड्यांत ताप किंवा गाठी वाढल्या तर औषध बाधले असे समजून ते बंद करू नका, लगेच केंद्रावर या. शरीराची झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होताना असे होऊ शकते. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणीही करून घ्या, कारण लागण असलेल्या बायकांत त्याचा धोका सुमारे सहापट असतो.

व्हायरल लोडची पहिली तपासणी साधारण सहा महिन्यांनी होईल. तो सापडत नाही असा आला आणि तसाच राहिला तर शरीरसंबंधातूनही त्यांच्याकडून दुसऱ्याला लागण होत नाही, आणि पुढे कधी त्यांनी जोडीदाराला सगळे सांगून पुन्हा लग्न करायचे ठरवले तर निरोगी मूलही होऊ शकते. हा विषय आज घरात काढू नका. वहिनींना स्वतःला मात्र तो माहीत असू द्या.

पुढच्या खेपेला त्यांच्यासोबत तुम्ही या. येताना त्यांचे हिरवे-पांढरे सगळे कागद, भावांच्या टीबीचे कार्ड, आणि गोळ्या सुरू झाल्या असतील तर उरलेल्या गोळ्यांसह बाटली आणा. मी गोळ्या मोजते, तेव्हा त्या घरी काढून ठेवू नका.